पश्चिमेची खिडकी: नव्या वास्तुविशारदाने पहिल्या पाच वर्षांत काय शिकावं

माझ्या पहिल्या स्वतंत्र कामात, सासवडच्या बाजूच्या एका बंगल्यात, मी आजींच्या खोलीला पश्चिमेकडे सहा फुटी खिडकी दिली. कारण एवढंच की तिथून पुरंदर दिसतो. नकाशावर छान वाटलं, घरमालकही खूश झाले. पुढच्या एप्रिलमध्ये सहज डोकावले, तर खिडकीवर आतून गोधडी टांगलेली. "अगं, किल्ला सकाळी बघते की," आजी म्हणाल्या. "दुपारी तीननंतर या खोलीत बसवत नाही." गोधडीसाठी दोन खिळे ठोकले होते, मी हौसेनं निवडलेल्या सागवानी चौकटीत.

त्या घरात पावसाच्या पाण्याची टाकी होती, सोलर बंब होता, कोळशाच्या राखेच्या, म्हणजे फ्लाय अ‍ॅशच्या विटा होत्या. 'ग्रीन' म्हणून दाखवायला सगळं हजर होतं. राहून गेली होती ती पाच मिनिटांची एक आकडेमोड. आता आमच्याकडे ट्रेनी आला की मी त्याला आधी तीच करायला लावते. पदवीचं शेवटचं वर्ष ते नोकरीची पहिली चार-पाच वर्षं, या काळात पर्यावरणपूरक बांधकाम कसं शिकायचं हे मी त्यांना तोंडी सांगते. तेच इथे थोडं सविस्तर लिहिते.

ऑफिस निवडताना

बी. आर्क.च्या पाच वर्षांत एक सत्र प्रत्यक्ष कामाचं असतं. पदवीनंतर काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाली की मगच १९७२च्या कायद्यानुसार 'आर्किटेक्ट' हे बिरुद लावता येतं. तोवर व्हिजिटिंग कार्ड छापायची घाई नको.

ऑफिसच्या वेबसाइटवरच्या हिरव्या भिंती बघून भुलू नका. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा. ट्रेनीला आठवड्यातून किती वेळा साइटवर नेता? वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे साइटवर बांधायला लागणारे तपशीलवार नकाशे, इथेच होतात की बाहेर देता? आणि दोन वर्षांपूर्वी ताबा दिलेल्या एखाद्या इमारतीत तुमचं कोणी परत गेलंय का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस गडबडतो की रंगात येऊन सांगायला लागतो, यावरून बरंच कळतं. स्टायपेंडचंही तिथेच स्पष्ट बोलून घ्या. 'शिकायला मिळतंय ना' या एका वाक्यावर महिनोन्‌महिने फुकट राबवून घेणारे आहेत.

मोठ्या ऑफिसात ऊर्जेचं गणित बहुतेक वेळा बाहेरचा कन्सल्टंट करतो आणि ट्रेनीच्या वाट्याला इमारतीच्या 'ग्रीन' रेटिंगचे फॉर्म भरणं येतं. छोट्या ऑफिसात गणित कोणीच करत नाही, पण पायापासून रंगापर्यंत सगळं डोळ्यांसमोर घडतं. मला विचाराल तर आधी छोटं किंवा मध्यम ऑफिस गाठा. गणित स्वतःला शिकता येतं, साइट तशी शिकता येत नाही.

पहिले सहा महिने: वही, टेप आणि थर्मामीटर

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. जमलं तर पृष्ठभागाचं तापमान लांबून मोजणारी इन्फ्रारेड बंदूकही घ्या. पहिला प्रयोग राहत्या खोलीतच करायचा, शक्यतो मे महिन्यात आणि वरच्या मजल्यावर. दुपारी तीनला आणि रात्री दहाला तीन नोंदी करा: बाहेरची हवा, खोलीतली हवा, स्लॅबची खालची बाजू.

मी भाड्याच्या खोलीत हे केलं तेव्हा रात्री दहाला बाहेर छान वारा सुटला होता आणि डोक्यावरचा स्लॅब हात लावला तर अजून गरम होता. काँक्रीट दिवसभर उष्णता पितं आणि आपण झोपायला गेलो की ओकायला लागतं. त्यात पंखा ती गरम हवा वरून खाली ढकलतो. पुस्तकात 'थर्मल मास' वाचलेलं असतं, पण त्याचा अर्थ अशा एका रात्रीत अंगाला कळतो.

हीच सवय साइटवर न्या. प्रत्येक भेटीत वहीत एक तरी मोजलेला आकडा लिहायचा: गिलाव्याची जाडी, छज्जा प्रत्यक्षात किती बाहेर आलाय, स्लॅबवर पाणी किती दिवस मारलं. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या सिमेंटला १० दिवस पाणी मारायला हवं. पर्यावरणाच्या नावाने हे राख मिसळलेलं सिमेंट (पीपीसी) आणायचं आणि चौथ्या दिवशी पाणी बंद करायचं, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट.

उन्हाचं गणित हातानं करा

सॉफ्टवेअर नंतर. आधी कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

पुणे साधारण १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात, तेव्हा माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ९० वजा १८.५, म्हणजे ७१.५ अंशांवर असतो. डिसेंबरच्या अखेरीस त्यातून आणखी साडेतेवीस गेले की उरतात ४८. (पुण्यात माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते. साइटवर सावल्या बघताना हे ध्यानात ठेवा.) मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. 'उत्तरेला ऊन येतच नाही' हे वाक्य आपल्या अक्षांशावर पूर्ण खरं नाही.

आता दक्षिणेची खिडकी घ्या. उंची १२० सेंटिमीटर, वर लगेच ६० सेंटिमीटरचा छज्जा. सावली किती खाली उतरेल? छज्जाची लांबी गुणिले सूर्याच्या कोनाचा टॅन. मार्चच्या दुपारी ६० गुणिले टॅन ७१.५, म्हणजे जवळजवळ १८० सेंटिमीटर. अख्खी खिडकी सावलीत. डिसेंबरमध्ये ६० गुणिले टॅन ४८, म्हणजे ६७. खालच्या अर्ध्या खिडकीतून कोवळं ऊन आत. उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊन, दोन फुटांच्या छज्जात दोन्ही. दक्षिणेला आपण उगाच घाबरतो. छज्जानं आवरता येणारी ती एकमेव उन्हाची दिशा आहे.

आता माझी पश्चिमेची खिडकी. उंची १५० सेंटिमीटर, छज्जा तोच ६० चा. एप्रिलअखेरीस संध्याकाळी पाचला पुण्याकडे सूर्य क्षितिजापासून साधारण २६ अंशांवर आणि जवळपास समोरच असतो. ६० गुणिले टॅन २६ म्हणजे २९ सेंटिमीटर. दीडशेपैकी एकोणतीस! उरलेल्या सगळ्या काचेतून ऊन थेट आजींच्या पलंगावर. छज्जानंच ते अडवायचं तर तो तीन मीटर, म्हणजे दहा फूट बाहेर काढायला हवा होता. मुळात तिथे खिडकी लहान हवी होती. किंवा त्या बाजूला जिना, बाथरूम, कपाटं अशा गोष्टी हव्या होत्या. आणि खिडकी हवीच असेल तर उभ्या पट्ट्या किंवा झडप, तीही काचेच्या बाहेरून. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा लावून उपयोग नाही, उष्णता खोलीत शिरलेली असते. शेवटी आम्ही तिथे बाहेरून बांबूची चिक लावली आणि शेजारी मधुमालती चढवली. गोधडी उतरली. चौकटीतली खिळ्यांची भोकं अजून आहेत.

ट्रेनीला माझं पहिलं काम हे असतं: ऑफिसातला कुठलाही चालू प्रकल्प घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक खिडकीसाठी हे दोन-तीन कोन काढून तक्ता करायचा. एक दिवस लागतो. त्या दिवसानंतर कोणी चारही बाजूंना एकसारखा छज्जा काढत नाही.

खिडकी नकाशात केवढी, उघडते केवढी

निवासी इमारतींसाठीच्या 'इको निवास संहिता' या २०१८ च्या संहितेत उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या तुलनेत किती हवं ते दिलंय. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात ते १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश आहे. नागपूरच्या मिश्र हवामानाला १२.५ टक्के, उष्ण-कोरड्याला १०.

बारा चौरस मीटरची बेडरूम घ्या. मुंबईत तिला दोन चौरस मीटर उघडी जागा लागते. नकाशात दीड बाय सव्वा मीटरची खिडकी असते, आकडा १.८८ येतो आणि 'जवळजवळ झालंच की' म्हणून आपण पुढे जातो. पण खिडकी दोन ट्रॅकची सरकती असते. ती उघडते अर्धीच. हाती आले ०.९४, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. मग एसी लागतो, आणि आपण कारण म्हणून मुंबईच्या हवेला नावं ठेवतो. बिजागरीची खिडकी जवळपास पूर्ण उघडते. पावसाचा, ग्रिलचा आणि डासांच्या जाळीचा प्रश्न मात्र ड्रॉइंगमध्येच सोडवावा लागतो. जाळीचा तपशील 'साइटवर बघू' म्हणून सोडलात की ठेकेदार सरकती खिडकीच बसवतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

भिंत, स्लॅब आणि सिमेंटची पोती

इथे यू-व्हॅल्यू समजून घ्यावी लागते. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता जाते तो हा आकडा. कमी तितका चांगला. नऊ इंची पक्क्या विटेची भिंत दोनच्या आसपास असते, आठ इंची एएसी ब्लॉकची (हवेची बारीक छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटचे ठोकळे) ०.८ च्या आसपास. सहा इंची उघडा स्लॅब साडेतीन ते चार. संहितेत छताची मर्यादा आहे १.२. विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला तरी तिथवर पोचता येत नाही. दोन इंची इन्सुलेशन बोर्ड घातला की आरामात पोचता येतं. वरून पांढरी चायना मोझेक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर, केली तर ऊन परावर्तित होतं. तो फायदा यू-व्हॅल्यूत दिसत नाही, पण रात्री झोपताना कळतो.

एएसी ब्लॉकवर मी फिदा नाही. हलके असतात, भिंत लवकर उठते, उष्णता अडते, हे सगळं खरं. पण नेहमीच्या जाड सिमेंटच्या गिलाव्याला तडे जातात, आणि एखादं जड कपाट टांगायचं म्हटलं की मालकांचा फोन येतो. कोकणात चिरा हाताशी असताना दोनशे किलोमीटरवरून ब्लॉकचा ट्रक आणणं तर मला पटतच नाही.

सिमेंटचा हिशेबही ऑफिसातल्या बीओक्यूवरून (कामाच्या मोजमापांची यादी) करून बघा. शंभर चौरस मीटरचा स्लॅब पाचऐवजी सहा इंची केला तर अडीच घनमीटर काँक्रीट वाढतं. घनमीटरला साडेतीनशे किलो सिमेंट धरलं तर सतरा-अठरा पोती. एका टन साध्या सिमेंटमागे पाऊण टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण भट्टीच्या इंधनासोबत चुनखडीतूनही तो निघतो. म्हणजे एका इंचानं आपण किती टाकला ते काढा. स्लॅबची जाडी अर्थात स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवणार. आपण ठरवायची ती गाळ्याची, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराची, लांबी. खांब नीट एका ओळीत ठेवले, गाळे आटोक्यात ठेवले, तर तो आपण होऊन पाच इंची देतो.

जुनी घरं बघायला जा, पण भाबडेपणानं नको

वाड्याचा चौक, कोकणातली पडवी आणि कौलारू छप्पर, सोलापूर-मराठवाड्याकडची जाड भिंतींची धाब्याची घरं. हे सगळं टेप घेऊन मोजून या. सेवाग्रामची बापू कुटी तर पाहायलाच हवी: माती, बांबू, कौलं आणि भिंतींवर पुढे आलेल्या वळचणीची सावली. थर्मामीटर सोबत न्या.

आणि किल्लारी विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवकडच्या गावांत भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतेक याच 'पारंपरिक' घरांखाली. दगडाच्या जाड भिंती मातीत रचलेल्या, आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना न बांधलेली, आणि वर मातीचं जड छप्पर. उन्हाळ्यात थंड ठेवणारं तेच वजन अंगावर आलं. भिंतीच्या आरपार जाणारे दगड, दारं-खिडक्यांच्या वरच्या, म्हणजे लिंटेलच्या पातळीवर भिंती बांधून घेणारा पट्टा, हलकं छप्पर: एवढ्यानंही फरक पडतो. कमी ताकदीच्या दगड-वीटकामासाठी आयएस १३८२८ आणि मातीच्या बांधकामासाठी आयएस १३८२७ ही मानकं त्याच वर्षीची. मातीचं घर करायची हौस असेल तर आधी ही दोन वाचा, मग इन्स्टाग्राम बघा.

हात मळवायचे कुठे

ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटमध्ये दाबलेल्या मातीच्या विटांचे अभ्यासक्रम असतात. भुजची हुन्नरशाळा कारागिरांसोबत काम करते. बांबूसाठी आपल्याकडे कुडाळला कॉनबॅक ही संस्था आहे. तिरुवनंतपुरमजवळ विलप्पिलशालेत वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या नावाचं केंद्र आहे. बर्मिंगहॅमला १९१७ मध्ये जन्मलेल्या आणि २००७ मध्ये केरळातच गेलेल्या या माणसाची रॅट-ट्रॅप भिंत तरी प्रत्येकानं एकदा स्वतः रचावी. विटा उभ्या कडेवर ठेवून मध्ये पोकळी सोडायची. भिंत नऊ इंचीच राहते, पण विटा जवळपास चौथ्या हिश्शानं कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णताही अडते.

पहिल्यांदा मी हे आमच्या मिस्त्रींना सांगितलं, तेव्हा ते थापी खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, पोकळ भिंत? उंदीर शिरतील की आत." नावातच उंदीर आहे हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. खरी अडचण वेगळीच निघाली. आपल्याकडच्या गावठी भट्टीच्या विटा एकसारख्या मापाच्या नसतात, आणि या रचनेत चार-पाच मिलिमीटरचा फरकही थर बिघडवतो. मिस्त्रींनी सकाळी विटा निवडायला एक माणूस बसवला. मग वायरमन आला आणि छिन्नी घेऊन भिंतीत खाच पाडायला लागला. पहिल्याच घावाला वीट आत पोकळीत. तेव्हापासून वायरिंगचे पाइप भिंत रचतानाच आत घ्यायचे, आणि स्विचबोर्डाच्या खाली-वर भरीव विटा लावायच्या, हे ड्रॉइंगवर ठळक लिहिलेलं असतं. एक बाय एक मीटरची नमुना भिंत आधी बांधून घ्या. दिवस जातो, पण सगळे प्रश्न तिथेच बाहेर पडतात.

कोड, रेटिंग, सॉफ्टवेअर

हे थोडक्यात. व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जाबचतीची संहिता ईसीबीसी, २००७ ची, २०१७ मध्ये सुधारलेली. निवासीसाठी वर आलेली इको निवास संहिता. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ हाताशी ठेवा. आपल्या राज्याची बांधकाम परवानगीची नियमावली, यूडीसीपीआर, तर रोजच लागते.

रेटिंगमध्ये टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्रीय मंत्रालय यांची गृहा, सीआयआय या उद्योगसंघटनेची आयजीबीसी आणि ऊर्जा, पाणी, साहित्य तिन्हींत किमान २० टक्के बचत मागणारी एज, ही नावं भेटतील. त्यांच्या परीक्षा नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी द्या. एखाद्या प्रकल्पाची कागदपत्रं स्वतः जमवलेली असली की अभ्यास निम्मा होतो. आणि गुण मोजताना भान ठेवा: पश्चिमेला पूर्ण काच लावून बाकीच्या कलमांतून तारे गोळा केलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत.

सॉफ्टवेअर फुकटातलंच पुरतं. क्लायमेट कन्सल्टंटमध्ये आपल्या गावाची किंवा जवळच्या शहराची हवामान फाइल टाका, मग इमारतीच्या ऊर्जेचं गणित करणाऱ्या एनर्जीप्लसवर चालणारं ओपनस्टुडिओ. पण आधी कागदावर अंदाज लिहा आणि नंतर बटण दाबा. अंदाज आणि उत्तर जुळत नसेल तर बहुतेक वेळा फाइलमध्ये उत्तर दिशा चुकलेली असते.

पहिलं स्वतंत्र काम हातात आल्यावर

प्लॉटवर तीन वेळा जा: सकाळी, दुपारी चारला, आणि पावसात. वारा कुठून येतो ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. झाडांचे बुंधे मोजून नकाशावर घ्या.

मालकांशी बोलताना 'शाश्वत' हा शब्द मी वापरत नाही. आजी कुठे झोपतात, दुपारी घरात कोण असतं, कपडे कुठे वाळतात, उन्हाळ्यात टँकर किती येतात, हे विचारते. आकडे सांगताना अर्धवट सांगू नका. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर पुण्यातला ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे, थोडी घट धरून, वर्षाला साठ हजार लिटर. मालक ऐकून खूश होतात. पण हे पाणी चार महिन्यांत येतं आणि दहा हजारांची टाकी जूनमध्येच भरून वाहायला लागू शकते. म्हणून उरलेलं पाणी गाळून बोअरला कसं सोडायचं, ते त्याच बैठकीत काढून दाखवा.

पैसे कमी पडले की काय आधी कापायचं याची यादी सुरुवातीलाच करून ठेवा. माझ्या यादीत सगळ्यात शेवटी कापायच्या गोष्टी म्हणजे खोल्यांच्या दिशा, खिडक्यांची सावली आणि छताचं इन्सुलेशन. सोलर पॅनेल नंतरही बसतात, फक्त गच्चीवर जागा आणि पाइप आत्ता सोडा. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर लागतात. इटालियन फरशी सगळ्यात आधी जाते. जुन्या बाजारातली सागवानी दारं स्वस्त पडतात, पण त्यांची मापं घेऊन मग चौकटी काढा, उलटं नको.

ताबा दिल्यावर दोन पानांची माहिती मालकांच्या हातात द्या: कुठली खिडकी कधी उघडायची, गाळणी कधी धुवायची, पहिल्या पावसाचं पाणी कुठल्या नळानं सोडून द्यायचं. इंग्रजी मॅन्युअल कोणी वाचत नाही. हे मराठीत लिहा आणि मीटरच्या दाराला आतून चिकटवा.

मग वर्षभरानं, एप्रिलमध्ये, संध्याकाळी पाचला जा. थर्मामीटर न्या, वीजबिलं मागा. चहा पश्चिमेच्या खोलीत घ्या, आणि आधी खिडकीच्या चौकटीत खिळे आहेत का ते बघा.